गुळाच्या डब्यावरचा ळ

मी आमटीत मिठाऐवजी पिठीसाखर घातली तो रविवार होता, म्हणून आम्ही तिघंही एकत्र जेवायला बसलो होतो. दोन घास झाल्यावर नवऱ्याने पाण्याचा तांब्या ओढल्याचा आवाज आला. सासूबाईंनी मात्र वाटी संपवली, चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "छान झालीये. पुढच्या वेळी थोडा वेलदोडा घाल."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी उठून बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले. मीठ आणि पिठीसाखर, दोन्ही डबे स्टीलचे, एकाच मापाचे. कोणीतरी पुसून ठेवताना त्यांची जागा बदलली होती. मला ते दिसलं नव्हतं, आणि दिसलं नाही हे आता लपवता येणार नव्हतं.

अंधारात मला लहानपणापासूनच कमी दिसायचं. अमरावतीजवळच्या आमच्या गावी दिवेलागण झाली की आई माझं मनगट धरून ठेवायची. दिवसा मात्र काही अडत नसे. उलट छापलेलं अक्षर मला इतरांपेक्षा लवकर दिसायचं. त्या जोरावर मी पुण्यात एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागले आणि तेच काम पुढे पोटाचं झालं. निसटलेला अनुस्वार, उलटी पडलेली वेलांटी, दोन ओळींत दोनदा आलेला शब्द, हे सगळं मला शोधावं लागत नसे. ते आपणहून उठून समोर यायचं. मला अक्षरांची वळणं आवडायची. चांगल्या टायपातला ळ तर मी क्षणभर नुसता बघत राहायचे.

मग ओळी सुटायला लागल्या. एक ओळ संपवून पुढची पकडायला गेले की तिसरीच हाती लागायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्यामागचा पडदा कडेकडेने निकामी होत चाललाय. शेवटी टिकलीएवढं मधलं दिसणं उरेल, आणि पुढे तेही भरवशाचं नाही.

त्या संध्याकाळी कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभी राहून मी गावी फोन लावला. आईशी बोलताना माझी भाषा आपोआप गावाकडची होते. "माय, माहे डोये चालले वो," मी म्हणाले. म्हणून झाल्यावर लक्षात आलं की मागे सासूबाई कपडे वाळत घालताहेत.

त्यांची आणि माझी ओळखच मुळी या ळ वरून झाली होती. सासूबाईंचं आयुष्य पेठेत गेलेलं, प्राथमिक शाळेत मराठी शिकवण्यात गेलेलं. लग्न होऊन आले तेव्हा घाईत माझ्या तोंडून काळ्याचा काया आणि डोळ्याचा डोया व्हायचा. त्या लगेच थांबवायच्या. "प्रुफं तपासतेस ना तू? मग अधूनमधून स्वतःचंही तपासत जा." मला राग यायचा. वर्षानुवर्षं त्यांनी एकही ळ सोडला नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी सोडला. दोरीवर चिमटे लावत राहिल्या. मग बादली उचलून आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

आमटीच्या त्या रविवारनंतर मी स्वयंपाक करणं बंद केलं. सासूबाई आपल्या सकाळी पदर खोचून ओट्याशी उभ्या राहायच्या. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसायचे आणि त्यांच्या भांड्यांचे आवाज ऐकायचे. छापखाना सुटला होता, ओटाही सुटला. दिवस फार मोठा झाला.

असे बरेच आठवडे गेल्यावर एका सकाळी त्या म्हणाल्या, "आवर. बाहेर जायचंय."

"कुठे?"

"रिक्षात कळेल."

रिक्षात कळलं ते असं की शहराच्या पलीकडच्या भागात एक गृहस्थ ब्रेल शिकवतात आणि आम्ही तिकडे निघालोय. मी तिथल्या तिथे उतरले असते, पण मला एकटीला उतरता येत नव्हतं. आयुष्यभर मी ज्या अक्षरांवर जगले ती वळणांची होती. टोचलेल्या ठिपक्यांना अक्षर म्हणायला मी तयार नव्हते. पुन्हा शिशुवर्गात बसायचं तर मुळीच नव्हतं.

ते गृहस्थ स्वतः जन्मापासून दृष्टिहीन होते. आवाज मोठा आणि प्रसन्न होता. त्यांनी विचारलं, "शिकणार कोण आहे?"

सासूबाई म्हणाल्या, "मी."

"आपल्याला दिसत नाही का, बाई?"

"चांगलं दिसतं. हिच्यासाठी डब्यांवर नावं लावायची आहेत. ही वाचेल तेव्हा वाचेल."

"मग डोळे मिटून शिकावं लागेल."

"डोळे मिटून बसणारी मुलं मी आयुष्यभर पाहिलीत," सासूबाई म्हणाल्या. "त्यातलं एकही शिकलं नाही. मी उघड्या डोळ्यांनी शिकते."

ते मनापासून हसले आणि शिकवायला लागले. मी शेजारच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

तेव्हापासून आमच्या घरातल्या दुपारी बदलल्या. जेवणं झाली की सासूबाई जेवणाच्या टेबलावर पाटी घेऊन बसायच्या. ब्रेलची पाटी म्हणजे दोन पट्ट्यांची चौकट. मध्ये जाड कागद अडकवायचा आणि टोच्याने खळग्याखळग्यांत ठिपके टोचायचे. जाड कागद म्हणून त्यांनी जुन्या लग्नपत्रिका काढल्या. कुणाच्या तरी चिरंजीवांच्या आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणींच्या पाठीवर आमची मोहरी आणि जिरं उमटू लागलं. टोचताना त्या मोठ्याने म्हणायच्या, शाळेत पाढे म्हणून घ्यायच्या तशा. "क, एक तीन. ख, चार सहा. ग, एक दोन चार पाच." प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या घरात बसतं. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडे चार, पाच, सहा. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. कान बंद करता येत नाहीत. ऐकायचं नाही असं ठरवूनही "म, एक तीन चार" माझ्या डोक्यात जाऊन बसायचं.

हळूहळू सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. त्या चिकटवलेल्या नव्हत्या, रबराने अडकवलेल्या होत्या, म्हणजे डबा बदलला तरी नाव बरोबर जाईल. पाणी पिताना माठाजवळच्या फळीला हात लागला की बोटांखाली खसखशीसारखं काहीतरी यायचं. मी हात काढून घ्यायचे. सासूबाईंनी कधी "वाच" म्हटलं नाही. तुटलेली रबरं मात्र त्या न चुकता बदलायच्या. मला ते आवाजावरून कळायचं.

मग एकदा लोणी काळभोरहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. बहीण पाय मुरगळून पडली होती. सासूबाई दोनचार दिवसांसाठी निघाल्या. जाताना म्हणाल्या, "पोळ्या डब्यात आहेत. चहा थर्मासमध्ये. गॅसच्या वाटेला जाऊ नकोस."

नवरा कंपनीत गेला. दुपारी मी थर्मास उघडून चहा ओतला. कोमट होता, आणि थर्मासमधल्या चहाला जो बंद वास येतो तो येत होता. मी कप पुढे सरकवला. मला माझ्या हातचा, आलं ठेचून घातलेला, उकळता चहा हवा होता. मी उठले आणि किती तरी महिन्यांनी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले.

साखरेचा डबा शोधत होते. हाताला लागला तो पहिला उघडून हुंगला, तर हळद. झाकण लावताना बोट चिठ्ठीवर पडलं, आणि या वेळी मी ते तिथेच राहू दिलं. ही हळद आहे हे मला नाकाने कळलंच होतं. म्हणजे पहिलं अक्षर ह असायला हवं. ह, एक दोन पाच. सासूबाईंच्या आवाजात ते कानात वाजलं. बोट सावकाश फिरवलं. वर एक ठिपका, त्याखाली एक, उजवीकडे मध्ये एक. होता. ह होता.

मी डबा छातीशी धरून खाली फरशीवरच बसले. मग उठून पुढचा डबा घेतला. मीठ. म, मग ठिपक्यांची तिरकी जोडी, ती दुसरी वेलांटी, मग ठ. ब्रेलमध्ये सगळ्या काना-मात्रा अक्षराच्या मागून येतात, पहिली वेलांटीसुद्धा. त्यांना डोक्यावर किंवा पायाशी जागा नाही, सगळं एका रांगेत. हे ऐकून ठाऊक होतं, आता हाताला कळलं. चहाचं विसरून गेले. फळीवरचे डबे एकेक करून खाली काढले आणि भोवती मांडून बसले. काही अक्षरं लागत नव्हती. बोट पुन्हा पुन्हा फिरवून दुखायला लागलं. पण डबा उघडून आतलं चाखायचं आणि मग चिठ्ठी सोडवायची, असं करत करत मी पुढे जात राहिले.

गुळाच्या डब्याशी अडले. ब्रेलमध्ये ल म्हणजे डावीकडचे तिन्ही ठिपके आणि ळ म्हणजे उजवीकडचे तिन्ही. दोन्ही नुसते उभे खांब. खांब आधीच्या अक्षराला खेटून उभा आहे की थोडा लांब, यावरूनच काय ते ओळखायचं. इथे खांब खेटून होता. मी तीनदा बघितलं. तांदळाच्या चिठ्ठीवरही तसंच. डाळीवर मात्र खांब लांब होता. पाटीवर कागदाच्या मागून, उजवीकडून डावीकडे टोचावं लागतं. सगळंच आरशातल्यासारखं उलट. सासूबाईंचं डावं-उजवं झालं होतं.

माझ्या आत काहीतरी उठून समोर आलं. पूर्वी यायचं अगदी तसंच.

मी फोन लावला.

"काय झालं? पडलीस का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. आई, तुम्ही गुळाच्या डब्यावर गूल लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"गूल. ळ च्या जागी ल पडलाय. तांदळालाही तेच केलंय. डाळ बरोबर आहे."

पलीकडे लांबवर कुठेतरी चालू असलेला पंप ऐकू आला.

"कुणी वाचलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बोटांनी?"

"बोटांनी."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "उद्या येते मी. तोवर राहिलेले डबे तपासून ठेव."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर त्या अंगणात जाऊन पाठमोऱ्या बसल्या आणि कितीतरी वेळ आत आल्या नाहीत, हे मला त्यांच्या बहिणीने सांगितलं. तेही फार उशिरा, सासूबाई गेल्यानंतर भेटायला आल्या तेव्हा.

त्यानंतरची काही वर्षं मला आठवतात ती जेवणाच्या टेबलावरची. त्या लिहायच्या, मी वाचून चुका काढायचे. मी ब्रेल रीतसर शिकले, त्या गृहस्थांकडे जाऊन, पिशवी मांडीवर न ठेवता. पण खरा अभ्यास घरीच झाला. आम्ही भांडायचो. लसणाच्या डब्यावर ऊ दीर्घ हवा यावर मी त्यांच्याकडून चिठ्ठी पुन्हा करून घेतली. "लसणाला कळणार आहे का?" त्या म्हणाल्या, आणि दीर्घ टोचला. पुढे पुढे त्यांच्या चिठ्ठ्या बोलायला लागल्या. बिस्किटांच्या डब्यावर लिहिलं होतं, आधी जेव. नवऱ्याच्या शर्टांना कॉलरच्या आतून रंगांची नावं टोचलेल्या पट्ट्या शिवल्या, पांढरा, निळा, करडा, म्हणजे इस्त्रीचे कपडे मला लावता येतील. एका शर्टाच्या पट्टीवर फक्त 'हा नको' होतं. तो कोणत्या रंगाचा ते मला आजही ठाऊक नाही. नवरा सांगत नाही.

स्वयंपाकघर पुन्हा आम्हा दोघींचं झालं. मधलं टिकलीएवढं दिसणं याच काळात विझत गेलं. नेमकं कधी गेलं ते मला सांगता येणार नाही. माझं लक्ष दुसरीकडे होतं.

सासूबाई गेल्या त्या थंडीत, थोड्याशा आजारपणाने. दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसून होते. बोलणं कमी झालं होतं. नर्स औषधांच्या बाटल्या ठेवून गेली तेव्हा त्यांनी डोळे उघडले असावेत, कारण म्हणाल्या, "यांच्यावर काहीच लिहिलं नाहीये."

"आई, नर्सना दिसतं," मी म्हणाले.

"हो का," त्या म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या हातात होता. टोच्या दाबून त्यांच्या तर्जनीला घट्टा पडला होता, त्यावरून मी अंगठा फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

आता दोन वर्षं होतील. घरातलं बरंचसं त्यांच्याच हातचं आहे. पण कागदावरचा ठिपका कायमचा नसतो. बोट फिरून फिरून तो बसत जातो. रोज लागणाऱ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या आधी गेल्या. मिठाची सपाट झाली, मग साखरेची, मग चहाची. वाचलं की थोडं पुसलं जातं, न वाचावं तर ठेवून काय करायचं, अशा पेचात मी काही महिने काढले. डब्यांच्या जागा पाठ करून चिठ्ठीला हात न लावता स्वयंपाक करून पाहिला. कामवाल्या बाईंनी एकदा फळी पुसली आणि तेही संपलं.

नवरा म्हणाला, "फोन समोर धर, तो वाचून दाखवतो सगळं." त्याने मला ते शिकवलंही. पाकिटावरची नावं, तारखा, सगळं फोन भराभर सांगतो. सोय चांगली आहे. मी बाजारातून आलेल्या वस्तूंना तो वापरते.

डब्यांच्या चिठ्ठ्या मात्र मी नव्याने लिहायला घेतल्या. प्लॅस्टिकच्या जाड कागदावर, म्हणजे टिकतील. पाटी तीच, टोच्याही तोच. लिहून झालं की स्वतःच वाचते. चूक सापडत नाही, आणि सापडली तरी सांगायला कोणी नाही. दुपारी टेबलाशी बसलेली असताना कधीकधी मी कारण नसताना थांबते. समोरून त्यांच्या टोच्याची टकटक येईल असं वाटतं. येत नाही. रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक येते, वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची ओढतं, आणि मी पुढचं अक्षर टोचते.

लोक विचारतात, दिसत नाही याचं वाईट वाटतं का. वाटतं, पण ते विचारतात त्या गोष्टींचं नाही. मी सासूबाईंना नीट पाहिलं ते डोळे चांगले होते तेव्हा. तेव्हा त्यांचे केस काळे-पांढरे होते आणि चष्मा जाड काळ्या फ्रेमचा होता. नंतरच्या, माझ्याशी ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणाऱ्या सासूबाई मला दिसल्याच नाहीत. आपल्याकडे सुना सासूच्या पाया पडतात, तोंडावरून हात फिरवत नाहीत. तेवढं एकदा करायला हवं होतं.

परवा रात्रीची जेवणं आटोपून ओटा पुसत होते. नवरा शेजारी भांडी पुसून लावत होता. मी विचारलं, "अहो, आई शेवटी शेवटी कशा दिसायच्या?"

तो थांबला. "आईसारखी," म्हणाला.

"तसं नाही. नीट सांगा."

त्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "केस अगदी पांढरे झाले होते," तो म्हणाला. "विरळ. चष्मा बदलला होता, नवा बारीक होता, तो सारखा नाकावरून खाली यायचा. आणि गालावर इथे..."

"इथे म्हणजे कुठे?"

त्याने माझं बोट धरलं आणि स्वतःच्या गालावर, डोळ्याच्या खाली नेऊन ठेवलं. "इथे एक सुरकुती होती. हसू दाबलं की ती आधी हलायची."

त्याचा गाल ओला होता. मी बोट तिथेच राहू दिलं, आणि तो सांगत राहिला.